आईची स्मरणिका : घरात आणि मंडळात राबलेल्या बाईचं आयुष्य कागदावर कसं आणायचं

दप्तरखाना

नव्वदीपर्यंत जगलेल्या आईवर वर्षश्राद्धाच्या निमित्ताने पुस्तिका काढायची पद्धत आता बरीच रुळली आहे. त्यातल्या बहुतेक पुस्तिकांमध्ये नाव खोडून शेजारणीचं घातलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. हार घातलेला फोटो, 'प्रेमळ, सोशिक, सदा हसतमुख', मुलांचे-सुनांचे दोन-दोन परिच्छेद, शेवटी पसायदान. बाईंनी तीस-चाळीस वर्षं बालवाडी चालवलेली असते, महिला मंडळाचे हिशेब ठेवलेले असतात, दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची पोरं सांभाळलेली असतात. त्यावर ओळ एकच : 'समाजकार्याची आवड होती.'

ही ओळ फोडून तिची पंधरा पानं कशी करायची, यासाठी हा धागा. भावना ज्याच्या त्याच्या, इथे कामाचं बोलू.

लेख मागवण्यापासून सुरुवात करू नका. आधी कालपट करा. मोठी वही किंवा एक्सेल, चार रकाने : साल, घरात काय घडलं, बाहेर काय केलं, पुरावा काय. पुराव्याच्या रकान्यात 'सांगोवांगी' लिहिलंत तरी चालेल, पण तो रिकामा सोडू नका. घर आणि बाहेर हे दोन रकाने शेजारीशेजारी असले की बरंच काही आपोआप दिसतं. धाकटा सहा महिन्यांचा असताना मंडळाची नोंदणी झालेली असते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या दोन वर्षांत इतिवृत्तात तिची सहीच नसते. 'घर सांभाळून समाजसेवा केली' हे वाक्य मग लिहावं लागत नाही.

पहिला घोळ जन्मतारखेचा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली असण्याचीच शक्यता जास्त, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीत घालायला वय बसवावं लागायचं. जन्मपत्रिका किंवा माहेरची जुनी वही मिळाली तर तिथी आणि शक मिळतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या जन्माला ७९ मिळवायचे. पौषात हमखास चुकतं, कारण पौष बहुधा डिसेंबर-जानेवारीत विभागलेला असतो. तिथीवरून तारीख काढताना त्या वर्षाचं पंचांगच बघा, अंदाजाने काढू नका. अधिक महिना असेल तर सगळं महिनाभर सरकतं. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस अधिक श्रावणात होता. त्या वर्षीचा 'श्रावणातला जन्म' अधिकातला की निजातला, हे विचारल्याशिवाय तारीख सांगताच येत नाही.

शंकासूर

एवढं तारखेचं कौतुक कशाला? 'साधारण १९३२' म्हटलं तर काय बिघडतं?

दप्तरखाना

काहीच बिघडत नाही, 'साधारण' हा शब्द छापलात तर. बिघडतं ते दाखल्यावरची तारीख पहिल्या पानावर आणि पत्रिकेतली तारीख मुलाच्या लेखात आली की. वाचणारा मग बाकीच्या सालांवरही विश्वास ठेवत नाही.

गोदाकाठ

मराठवाड्यातल्या मंडळींसाठी भर. सप्टेंबर १९४८च्या आधीचे निजाम राजवटीतले शाळेचे आणि महसुलाचे कागद उर्दूत असतात, आणि त्यांवर साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं असतं. हैदराबादी फसलीत ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्यामुळे जानेवारी ते सप्टेंबरमधल्या घटनेला ५९१ लागतात. हे न कळल्यामुळे बहिणी-बहिणींच्या वयात नको तो घोळ होतो. उर्दू वाचून घेताना फक्त मजकूर विचारू नका, शिक्क्यावरचं गावही वाचून घ्या. तालुके तेव्हा वेगळे होते.

मांडवीकाठ

गोव्यात उलट सोपं. पोर्तुगीज अमदानीपासून नागरी नोंदणी आहे, त्यामुळे जन्माचा, लग्नाचा उतारा मिळू शकतो. मजकूर पोर्तुगीजमध्ये आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्या कानाला आलं तसं. आडनावाने सापडलं नाही तर वडलांच्या नावाने आणि गावाने शोधा. १९ डिसेंबर १९६१नंतर मराठी शाळा, महिला मंडळं भराभर उभी राहिली, तेव्हा आईचं बाहेरचं काम बहुधा त्याच्या पुढे-मागे सुरू झालेलं दिसेल.

कोरांटी

साल आठवत नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारूच नये. प्रसंग विचारावा. 'पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही पुण्यात होता का, थोरला चालत होता का?' १२ जुलै १९६१ पक्कं. तसंच कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते ती रात्र. मिलो आणि सुकडी (मदतीत मिळायचं ते धान्य आणि खाणं) म्हटलं की १९७२-७३चा दुष्काळ. लाटणं घेऊन मोर्च्याला गेल्या होत्या असं मुंबईकर बायका सांगतात, तो मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनाचा काळ, १९७२पासून पुढचा. पोलिओचे डोस पाजायला बूथवर बसायच्या, तर ९ डिसेंबर १९९५च्या आधी नाही, कारण पल्स पोलिओचा पहिला दिवस तोच.

एक सावधगिरी. प्रसंग मोठा असला की माणसं स्वतःला त्याच्या जवळ नेऊन ठेवतात. 'त्याच रात्री मुलगी झाली' असं ऐकलं तर मुलीचा दाखला मागा.

शाईदौत

मंडळाच्या कागदांबद्दल लिहितो. स्वयंसेवक बाईचं काम तिच्या स्वतःच्या कपाटात फारसं सापडत नाही, ते दुसऱ्यांच्या दप्तरात असतं. कुठे बघायचं, या क्रमाने :

सगळ्यात आधी इतिवृत्ताची वही. प्रत्येक सभेला तारीख, अध्यक्षस्थानी कोण, हजर सभासदांच्या सह्या, सूचक-अनुमोदक. सूचक म्हणून तिचं नाव कुठल्या ठरावांवर आहे तेवढंच उतरवून काढा. 'शिवण वर्गाला दोन यंत्रे घेणे', 'बालवाडीच्या भाड्याबाबत मालकांस भेटणे' अशा दहा ठरावांतून बाईचा स्वभाव जितका कळतो तितका दहा लेखांतून कळत नाही. मग किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती. वर्गणी कोण गोळा करत होतं ते पावतीवरच्या अक्षरावरून ओळखता येतं. त्यानंतर बालवाडीचा हजेरीपट.

मंडळ बंद पडलं असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. नोंदणी झालेल्या न्यासाचा पी.टी.आर.चा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा म्हणजे परिशिष्ट एक मिळतो. त्यात विश्वस्तांची नावं असतात आणि चेंज रिपोर्टमुळे, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीमुळे, कोण कधी आलं, कधी गेलं हेही. नोंदणी क्रमांक ठाऊक नसेल तर जुन्या पावतीच्या माथ्यावर बघा. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांचा क्रमांक 'एफ'ने सुरू होतो. जिल्हा बदलला असेल तर दप्तर जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयात राहिलेलं असू शकतं.

आता नावाचा प्रश्न. जुन्या कागदांत बाईचं स्वतःचं नाव सापडेलच असं नाही. 'सौ.' लावून नवऱ्याची आद्याक्षरं आणि आडनाव, एवढंच. एकाच वाड्यात दोन जावा मंडळात असतील आणि दोघा भावांची आद्याक्षरं सारखी असतील तर सहीवरूनच फोड करावी लागते. माहेरचं, सासरचं, घरात हाक मारायचं आणि कागदावरचं अशी चारही नावं पहिल्या पानावर द्या. मोठ्यांच्या बाबतीतही हेच आहे. यमुना कुर्लेकर म्हणजेच रमाबाई रानडे, इंदू घुले म्हणजेच साधनाताई आमटे, गोदूबाई म्हणजेच बाया कर्वे. दोन्ही नावं न नोंदता कुणी शोधायला बसलं तर अर्धं आयुष्य हाती लागत नाही.

शंकासूर

तारीख नसलेल्या कागदांचं काय करायचं? पावतीवर दिवस-महिना असतो, साल फाटलेलं असतं.

शाईदौत

कागदच सांगतो. काही खुणा :

रक्कम 'रु. ३-५-६' अशी लिहिली असेल तर ती रुपये, आणे, पै. म्हणजे १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा जुन्या सवयीने लिहिलेली त्याच सुमाराची. (हिशेब करायचाच असेल तर ५ आणे ६ पै म्हणजे आजचे सुमारे ३४ पैसे.) 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४, कारण 'नया' हा शब्द जून १९६४पासून गेला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचं. लेटरहेडवर 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६०च्या आधी छापलेलं. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१च्या आधीचं, पुढे रायगड झाला. सावंतवाडी, कुडाळ 'जि. रत्नागिरी'त दिसले तर १ मे १९८१पूर्वीचं. लातूर 'जि. उस्मानाबाद'मध्ये असेल तर १६ ऑगस्ट १९८२पूर्वीचं.

लेटरहेड मात्र वर्षानुवर्षं पुरवून वापरतात. त्यामुळे छापील मजकुरावरून 'याच्या आधी नाही' एवढंच ठामपणे कळतं. 'याच्या नंतर नाही' हे हातच्या मजकुरावरून ठरवा.

आणखी एक खूण. 'सौ.' जाऊन 'श्रीमती' आलं की बहुतेकदा यजमान गेल्यानंतरचा कागद. सगळ्याच बायका ही रीत पाळत नसत, काहींनी 'सौ.' मुद्दाम आधीच सोडलं होतं, तेव्हा एकट्या या खुणेवर जाऊ नका.

बिट्टी

बालवाडीबद्दल एक. 'आईने १९६८ साली अंगणवाडी सुरू केली' असं सर्रास लिहितात. सरकारी अंगणवाडी एकात्मिक बाल विकास योजनेतली, ती २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, तीही निवडक ठिकाणी. त्याआधीची बहुधा बालवाडी, मंडळाने किंवा ग्रामपंचायतीच्या मदतीने चालवलेली. अपवाद आहे. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, त्या कामात अंगणवाडी हा प्रकार आधीपासून होता. ते काम १९५७मध्ये कोसबाडला गेलं, अनुताई वाघ तिथेच राहिल्या. आई तिकडे शिकायला गेली असेल तर 'अंगणवाडी' हा शब्द तिने तिथून आणलेला असू शकतो.

बालवाडीचं वर्णन करताना किती मुलं, किती वाजता, खाऊ काय, फी किती, खोली कुणाची, पावसाळ्यात गळायचं तेव्हा मुलं कुठे बसवायची हे लिहा. 'चिमुकल्यांवर मायेची पखरण' नको.

भाजणी

आईच्या हातची वही असते ती कुणी बघतच नाही. मंडळाचा दिवाळी फराळ विकायला असायचा त्याची. अशा वहीचं एक पान जसंच्या तसं छापा, फोटोसकट. त्यात काय काय असतं बघा. डावीकडे चकलीची भाजणी : तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक, मूग अर्धा, धणे-जिरे. पुढे '×६०', म्हणजे साठ घरची मागणी. खाली दळणाचे पैसे, तेलाचा डबा, कोळसा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कुणी किती किलो तळून दिलं त्याचा हिशेब, आडनावांशिवाय, नुसती पहिली नावं. त्या कोपऱ्यात सगळं मंडळ आहे.

मापं बदलू नका. जुन्या वह्यांत शेर, पायली, अदपाव येतं. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. मापी शेर वेगळा, तो धान्यागणिक वजनात वेगळा भरतो. चार शेरांची पायली, पण पायली घाटावर आणि कोकणात एक नाही. त्यामुळे 'दोन पायली = इतके किलो' असं कंसात घालायचा मोह आवरा. बिघडलेली भाजणी हमखास या कंसामुळे बिघडलेली असते. फार तर प्रमाण द्या, वजन देऊ नका.

अनवट

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

कोरांटी

मुलाखतींचं राहिलंच. आई गेली असली तरी तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी असतात, त्याही ऐंशीच्या पुढे. पुस्तिकेचं बाकी सगळं थांबवून आधी त्यांच्याकडे जा.

वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. नाश्ता झालेला, जेवण व्हायचं, औषधाची गुंगी नाही. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका, पुन्हा जा. मोबाइल एअरप्लेन मोडवर, खाली घडी घातलेला टॉवेल, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. टेबलावर नुसता ठेवला तर बोटांची टकटक आणि कपबश्यांचे आवाज तोंडापेक्षा मोठे येतात. वरचा पंखा बंद करा, उकडत असेल तर टेबलफॅन मागच्या बाजूला. कुकर लावलाय का ते विचारून घ्या. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं बोलून ठेवा, नाहीतर वर्षभराने कुणाचा आवाज ते कळत नाही. फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. सोय असेल तर वेव्हमध्ये रेकॉर्ड करा, एमपी३ नंतर करता येते.

प्रश्न 'ती कशी होती?' असा विचारलात की उत्तर 'फार चांगली' येणार. असं विचारा : सभा दुपारी तीनला असायची तर शाळेतून आलेल्या मुलांना खायला कोण द्यायचं? तालुक्याला जायचे एसटीचे पैसे कुठून यायचे? मंडळात भांडण कशावरून व्हायचं? सासऱ्यांना कुणी सांगायचं? पहिल्यांदा भाषण करायला उभी राहिली तेव्हा काय नेसली होती? लुगडं की पाचवारी, या एका प्रश्नावर म्हाताऱ्या बायका अर्धा तास बोलतात, आणि त्यातून नऊवारी कधी सुटली, का सुटली, कोण काय बोललं हे सगळं निघतं.

दोघी-तिघींना एकत्र बसवलं तर आठवणींना आठवणी लागतात, पण सगळ्या मिळून एकच चुकीचं सालही ठरवून टाकतात. आधी एकेकीला भेटा, मग एकत्र.

कृष्णधवल

फोटोंचं तंत्र मी सांगते.

पोस्टकार्ड आकाराचा प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा. छपाईला ३०० लागतात, म्हणजे दुप्पट मोठा करता येतो. पासपोर्ट आकाराला १२००. निगेटिव्ह असेल तर प्रिंटपेक्षा निगेटिव्हच स्कॅन करा, ३५ मिमीला २४०० ते ३२००. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, व्हॉट्सअपवर पाठवायला जेपीजी वेगळी. नातेवाइकांना 'व्हॉट्सअपवर टाका' सांगू नका. तिथे फोटो आक्रसतो आणि छापल्यावर चेहरा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा प्रिंटच मागून आणा.

चिकट पानांचे अल्बम आठवतात ना, वर प्लास्टिकचा कागद असलेले? त्यातला डिंक काळाने पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. नखाने उचलू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा बिनमेणाचा बारीक दोरा फोटोखाली करवतीसारखा हलकेच सरकवत न्या. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचाच नाही. काचेसकट, तिरप्या उजेडात, कॅमेऱ्याने फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही.

फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाबाच्या रेघा पुढे उमटतात. मऊ पेन्सिल, तीही कडेला. स्टुडिओचा शिक्का मागे असेल तर तोही स्कॅन करा. गाव तरी कळतं.

समूहफोटोतली माणसं ओळखायला बटर पेपर घ्या. फोटोची मोठी झेरॉक्स काढा, तिच्यावर बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्याचा गोल काढा आणि गोलात आकडा घाला. झेरॉक्स आणि आकड्यांचा कागद अशी जोडी पाच-सहा जणींकडे फिरवा आणि प्रत्येकीची उत्तरं वेगळ्या कागदावर घ्या, आधीचीची दाखवू नका. दोघींनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तर ते पक्कं. 'डावीकडून तिसऱ्या' असं लिहिताना उभ्या की बसलेल्या हेही लिहा. कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या बाईला मोजलं की नाही यावरून सगळी ओळ सरकते.

रंगीत फोटो तांबूस पडले असतील तर संगणकावर थोडे सावरता येतात, पण साडीचा रंग कुणाला तरी विचारूनच. आणि कृष्णधवल फोटो त्या नव्या ॲपमधून रंगीत करू नका. ते काठ हिरवे की जांभळे हे ॲपला ठाऊक नसतं.

शंकासूर

वादाचा प्रश्न. मंडळ फुटलं, दोन गट झाले, हिशेबावरून बोलणी झाली. हे लिहायचं का? आई होती त्यात.

दप्तरखाना

लिहायचं, कारण न लिहिता १९८० ते ८४ रिकामं राहतं आणि गावाला कारण ठाऊकच असतं. पण ठरावाच्या भाषेत : अमुक तारखेच्या सभेत अमुक विषयावर मतदान झालं, इतकी मतं, तिने राजीनामा दिला, पुढच्या वर्षी परत आली. हेतू लिहायचे नाहीत, समोरच्या बाईची मुलंही पुस्तिका वाचणार असतात.

शाईदौत

सहमत. मात्र एका बाबतीत काहीही छापायचं नाही. मंडळाकडे मदत मागायला आलेल्या बायका. नवऱ्याने हाकललेली, मारहाण झालेली, लग्नाआधी दिवस गेलेली. आईच्या वहीत त्यांची नावं-गावं असतात आणि पुस्तिकेत 'कित्येक संसार सावरले' म्हणून उदाहरणादाखल घालायचा मोह होतो. नाव बदलूनही नको. लहान गावात व्यवसाय आणि आळी सांगितली तरी बाई ओळखू येते. त्या वह्या स्कॅनसुद्धा करू नका. कुणाकडे ठेवायच्या ते घरात ठरवा. लिहायचंच तर काय केलं तेवढं लिहा : रात्री ठेवून घेतलं, पोलीस पाटलाकडे बरोबर गेली, माहेरी पत्र लिहिलं, शिवण वर्गात घातलं.

अनवट

जुन्या इतिवृत्तात जातीची नावं सर्रास असतात, 'अमुक वस्तीतील स्त्रिया' वगैरे. ते?

शाईदौत

पानाचा फोटो छापत असाल तर खाडाखोड नको. पण निवडताना विचार करा. बहुतेक वेळा मंडळ सर्वांचं होतं असं आपण लिहितो आणि सभासदांची यादी एकाच आळीची निघते. ती यादी बघून मगच 'सर्व समाजातील' हे शब्द वापरा.

खिळेजुळारी

छपाईबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आकार डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. पानं सोळाच्या पटीत, म्हणजे फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडायच्या कागदाच्या) हिशेबात : ३२, ४८, ६४. ६७ पानं झाली की दोन लेख कापा, नाहीतर कोरी पानं जातात किंवा आयत्या वेळी श्लोक घालून भरावी लागतात. बारा पॉइंटात एका पानावर साधारण अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. फोटो धरून ६४ पानांत अकरा-बारा हजार शब्द, त्यापेक्षा जास्त लेख मागवू नका. आतला कागद ८० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅपलिथो. फोटोंची आठ पानं वेगळी १३० जीएसएम आर्ट पेपरवर, मधोमध. कव्हर २५० किंवा ३०० आर्ट कार्ड. ६४ पानांपर्यंत सेंटर पिन करा. एवढ्या पातळ अंगाला परफेक्ट बाइंडिंगचा गोंद धरत नाही, दोन उन्हाळ्यांत पानं सुटतात. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल प्रेस, त्यापुढे ऑफसेट परवडतं.

मजकूर युनिकोडमध्ये एकाच फाइलमध्ये एकवटा. प्रेसवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो तेव्हा ठरावीक अक्षरं मोडतात : 'सुऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा 'ऱ', 'ॲ', 'ऑ', आणि जोडाक्षरात 'द्ध', 'द्य', 'ङ्'. बदलल्यावर ही अक्षरं शोधून शोधून तपासा. पडद्यावर वाचून चुका दिसत नाहीत, कागदी प्रूफ काढा. पहिलं वाचन मजकुराचं. दुसरं वाचन फक्त नावांचं आणि सालांचं, आणि तेही शेवटच्या पानापासून मागे, म्हणजे गोष्टीत गुंगायला होत नाही. फोटोओळी तिसऱ्यांदा. ज्याचं नाव छापलंय त्याच्या घरातल्या कुणाला तरी त्याची ओळ दाखवा. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ दुसरं कुणी पकडू शकत नाही.

वर्षश्राद्ध दसऱ्यानंतर असेल तर मजकूर गणपतीच्या आत द्या. दिवाळी अंकांच्या दिवसांत प्रेस तुमची पुस्तिका खाली ठेवणारच, कितीही ओळख असली तरी.

मांडवीकाठ

आयएसबीएन घ्यायचा का?

खिळेजुळारी

खाजगी वितरणासाठी असेल तर गरज नाही. पहिल्या पानामागे तसं छापा, शिवाय प्रकाशक म्हणून घरातल्या कुणाचं नाव, मुद्रकाचं नाव-पत्ता, महिना-साल. साल बरेच जण विसरतात, मग तीस वर्षांनी कुणीतरी वर दिलेल्या खुणा वापरत बसतं. विकायला ठेवणार असाल तर मात्र १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं इथे प्रत पाठवायची असते.

बिट्टी

घरच्यांत वाटून झाल्या तरी थोड्या प्रती मुद्दाम बाजूला काढा. गावचं सार्वजनिक वाचनालय, मंडळ चालू असेल तर मंडळ, बालवाडी जिच्या खोलीत भरायची ती शाळा, तालुक्याचं ग्रंथालय. वाचनालयात नुसती टेबलावर ठेवून येऊ नका, दाखलनोंदवहीत चढवून क्रमांक घ्या. नोंद नसलेली पुस्तिका पुढच्या रद्दीत जाते. पीडीएफबरोबर कालपटाची एक्सेल, स्कॅन आणि मुलाखती असा पेनड्राइव्ह दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि दर दोन-तीन वर्षांनी नव्यावर उतरवा.

शंकासूर

मूळ वह्यांचं काय? कसर लागलीय.

कृष्णधवल

आधी इतर पुस्तकांपासून वेगळ्या करा. सावलीत, वारा लागेल असं पान पान उघडून मऊ ब्रशने झाडा, उन्हात घालू नका, शाई उडते. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल काढून टाका. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. सुती कापडात बांधून, पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. पुड्या ओल धरतात, म्हणून पावसाळा संपला की बदला. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की आतल्या आत बुरशी येते. मंडळाची इतिवृत्तं घरात निघाली असतील तर ती मंडळाची आहेत. स्कॅन करून परत द्या आणि पोच घ्या.